मदत हवी आहे: बोल्टमागच्या कार्बनचा हिशोब

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं नट-बोल्टचं छोटं वर्कशॉप आहे, थोडा माल जर्मनीला जातो. युरोपच्या सीबॅम नियमामुळे (बाहेरून येणाऱ्या मालामागच्या कार्बनवर आकार) तिकडचा खरेदीदार टनामागे किती कार्बन निघाला ते विचारतोय. २०२६ पासूनच्या आयातीवर त्याला त्याचे पैसे भरायचे आहेत. वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्यांना सूट आहे, पण तो त्यात बसत नाही.

आमच्या हीट ट्रीटमेंट भट्टीच्या गॅसची बिलं आहेत, तेवढं जमेल. कार्बनचा खरा भार वायर रॉडचा, म्हणजे ज्यापासून बोल्ट बनतो त्या पोलादी सळईचा, आणि ती येते ट्रेडरकडून. रॉड बनवणाऱ्या मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन असतो, पण तो पोलादातला, धुराड्यातला नव्हे! आकडा दिला नाही तर युरोपने ठरवलेला चढा आकडा माथी. भंगार वितळवून, कमी कार्बनमध्ये केलेल्या रॉडलाही तोच? हा सरळ अन्याय वाटतो.

कुणी ट्रेडरमार्फत मिलकडून हा आकडा मिळवलाय का? पत्रात नेमकं काय मागितलंत?