गल्ल्याखालच्या दोन पुड्या

वर कोणीतरी विचारलंय, राज्यात गुटखाबंदी आहे मग तंबाखू लॉबी कसली? अहो बंदी 2012 पासूनच आहे, पण आमच्या ठाणे स्टेशनबाहेर टपरीवाला गल्ल्याखालून पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक पुडी देतो, गिऱ्हाईक दोन्ही तिथंच फाडून हलवतं, झाला गुटखा! आणि लॉबीचंच म्हणाल तर सिगारेट-तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत आरोग्याचा इशारा एप्रिल 2015 ला यायचा होता, तो संसदीय समितीने थांबवा म्हटलं आणि थांबला, समितीचे अध्यक्ष आपले नगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी, म्हणे तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यासच नाही, वर समितीत एक खासदार स्वतः बिडीवाले (!). पुढे लागू झाला तो एप्रिल 2016 ला. बाकी एलआयसीकडे सिगारेटवाल्या आयटीसी कंपनीचे शेअर्स आहेतच, म्हणजे हप्ता आपलाच.