लॉनवरच्या लग्नात टेबलांवरची फुलं घरीच करायची आहेत, धीर द्या!

पार्ल्याची मावशी:
भाचीचं लग्न 13 फेब्रुवारीला, मढला, समुद्राला लागून लॉनवर. संध्याकाळचं जेवण, 22 गोल टेबलं. डेकोरेटरने नुसत्या टेबलांवरच्या फुलांचा जो आकडा सांगितला, तो ऐकून ताई म्हणाली, "एवढ्यात आपल्या दोघींची लग्नं झाली होती." झालं, मी बोलून बसले, मी करते.

बेत असा होता: सोसायटीतून पितळी तांबे गोळा करायचे (15 जमलेत) आणि त्यात गुलाब, जरबेरा, निशिगंध. परवा एक करून गच्चीवर ठेवला. अर्ध्या तासात वाऱ्याने कलंडला, जरबेरांनी माना टाकल्या. आता झोप उडाली आहे. फुलं दादरहून आदल्या दिवशी आणायची की त्याच दिवशी?

फुलपुडी:
मावशी, आधी गुलाबाचा नाद सोडा. 14 फेब्रुवारीच्या आसपास गुलाबाला हात लावायची सोय नसते. निशिगंधही टेबलावर नको. तो संध्याकाळीच घमघमतो, आणि पानात मसालेभात असताना वास मसालेभाताचाच यायला हवा.

तांब्याचं बूड गोल, फुलं वर जड. तो कलंडणारच. मी दिराच्या मुलीच्या लग्नात फुलवाले देठ खोचायला वापरतात तो हिरवा स्पंज वापरला होता. घाईत बादलीत हाताने दाबून बुडवला. वरून ओला, आत ठणठणीत कोरडा! पाहुणे जेवायला बसेपर्यंत फुलं मेली. तो पाण्यावर नुसता ठेवायचा, आपोआप बुडू द्यायचा, हे नंतर कळलं. शिवाय तो कुजत नाही, दुसऱ्या दिवशी पोतंभर कचरा.

तेव्हापासून मी केळीचा खांब वापरते, सत्यनारायणाला आणतो तोच. चार-चार बोटं जाडीच्या चकत्या करायच्या, विणायच्या सुईने भोकं पाडायची आणि शेवंती, अष्टर खोचायचे. खांबात पाणी भरपूर, रात्रभर फुलं टवटवीत राहतात, आणि वजन इतकं की वाऱ्याची काय बिशाद! फक्त चकती थाळीतच ठेवा. केळीचा चीक पांढऱ्या टेबलक्लॉथला लागला की डाग जन्मात जात नाही. उंची वीतभरच ठेवा, नाहीतर समोरच्याशी बोलायला व्याही मान वाकडी करून बसतील.

जरबेरा हवाच असेल तर दहाची जुडी मिळते. टेबलाला पाच धरले तर 11 जुड्या, वर दोन जास्तीच्या. देठ तिरके कापून चार बोटं पाण्यातच उभे करायचे, खोल पाण्यात देठ सडतो. देठांची फुलं आदल्या पहाटे आणून सावलीत बादल्यांत ठेवा. सुटी शेवंती मात्र त्याच दिवशी पहाटे.

खारा वारा:
आमचं घर मढलाच. दुपारभर समुद्राचा वारा असतो, दिवेलागणीनंतर बराच पडतो. चारलाच टेबलं मांडून ठेवू नका. आणि मालाड-मार्वे रस्त्याने टेम्पो अडकला तर फुलं उकडतील. बादल्या थोड्या असतील तर वर्सोव्याहून फेरीबोटीने आणा, पाच मिनिटांत या काठाला.

चिकूवाली:
एक राहिलं. फुलांच्या बादल्या पिकलेल्या फळांच्या करंड्यांजवळ ठेवू नका. फळांतून इथिलीन वायू सुटतो, फुलं लवकर कोमेजतात. आमच्याकडे रुखवताच्या खोलीत चिकू आणि कार्नेशन शेजारी ठेवले होते, सकाळी कार्नेशनच्या पाकळ्या मिटलेल्या.

पार्ल्याची मावशी:
केळीची चकती, पिवळी शेवंती, कडेने जांभळे अष्टर, सगळं स्टीलच्या थाळीत. काल दुपारी चारला गच्चीवर ठेवलं, रात्री नऊला उचललं. जागचं हललं नाही! ताईने फोटो भाचीला पाठवला, तिला पसंत आहे. जरबेरा फक्त वधूवरांच्या टेबलावर.

आता ते 15 तांबे परत करायचेत. तीन तांब्यांवर नाव कोरलेलं नाही, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर तिघीजणी हक्क सांगतायत.