चर्चा धागा : पॅनल शेतात आले, डीपी कुठं अडली?

मोसंबीकर, अंबड (जालना)
यंदा मोसंबीच्या आंबे बहाराचा ताण (फुलोऱ्यासाठी पाणी बंद ठेवतात तो) तोडून बागेला पाणी सुरू केलं. फूल लागलं आणि त्याच आठवड्यात आमची ६३ केव्हीए क्षमतेची डीपी, म्हणजे शिवारातलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली. बदलून मिळायला अठरा दिवस लागले. कार्यालयात रोज एकच उत्तर, "शिल्लक नाही, वरून आली की देतो." शेवटी वर्गणी काढून टेम्पो आम्हीच केला. तोवर झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. नुसती फुलगळ.

त्या अठरा दिवसांत माझ्या ध्यानात आलं ते असं. वीज कमी आहे ही ओरड आता जुनी झाली. ३० मे २०२४ला देशानं २५० गिगावॅटची मागणी भागवली. अडतंय ते वीज शेतापर्यंत आणणाऱ्या सामानावर. सौर पॅनल काही महिन्यांत उभे राहतात, रोहित्र राहत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा फेब्रुवारी २०२५चा अहवाल सांगतो की मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी आता चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं, केबलसाठी दोन-तीन वर्षं. ट्रान्सफॉर्मरच्या किमती २०१९च्या मानानं सुमारे ७५ टक्के चढल्यात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जेवढी रोहित्रं हातात आहेत तेवढ्याच नव्या जोडण्या जाहीर करा. आणि रब्बी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक तालुक्यात जादा डीपी आणून ठेवा.

दुधनाकाठ, सेलू (परभणी)
दादा, तुमच्या बागेचं वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. टंचाई जगात असेल. आपल्या डीपी टंचाईमुळं जळत नाहीत, आपण जाळायलोत.

हिशेब करा. ५ एचपीची एक मोटार पाच-साडेपाच केव्हीए घेते, म्हणजे ६३च्या डीपीवर अकरा-बारा मोटारी. आमच्या डीपीवर बावीस आहेत, त्यातल्या सात बिनकोटेशनच्या, म्हणजे पैसे भरून जोडणी न घेतलेल्या. त्यात सगळ्यांनी ऑटो स्विच बसवलेले. लाईट आली की बावीस मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. कोणतं रोहित्र टिकेल? एका हंगामात दोनदा जळाली आमची. प्रत्येक वेळी दुसऱ्या गावाची हक्काची डीपी आम्ही खाल्ली असं मी म्हणतो.

मोसंबीकर, अंबड
@दुधनाकाठ, लोड जास्त आहे हे खरं. पण जास्त का झाला? आमच्या शिवाराला दुसरी डीपी मंजूर होऊन दोन वर्षं झाली. पोल उभे आहेत, तार ओढलेली आहे, वर रोहित्र नाही. ज्यानं पैसे भरून वाट पाहिली त्याची विहीर तुडुंब आणि पीक वाळलेलं. त्यानं आकडा टाकला की आपण त्याला चोर म्हणायचं. आधी दुसरी डीपी द्या, मग शिस्त मागा.

निवृत्त उपअभियंता, लातूर
मोसंबीकर, तुमची तळमळ रास्त आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र केल्या.

चार वर्षांची रांग आहे ती २२०, ४००, ७६५ केव्हीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची. ते मागणीनुसार एकेक करून बनतात, त्यांचे बुशिंग आणि टॅप चेंजर हे भाग मोजकेच कारखाने करतात, आणि चाचणीत नापास झाला तर पुन्हा महिने जातात. तुमची ६३ची डीपी तशी नाही. ती एमआयडीसीतला लहान कारखानदारही बनवतो. तिथं अडतं ते निविदेच्या दरावर आणि थकलेल्या बिलावर. सगळ्यात कमी दराला ठेका द्यायचा, तांबं आणि पत्रा महागला तरी दर वाढवून द्यायला वेळ लावायचा, मग तो माणूस माल देत नाही किंवा हलका देतो. नोकरीत हे मी पुन्हापुन्हा पाहिलं.

दोघांना जोडणारा एक धागा मात्र आहे, गाभ्याचा पत्रा. सीआरजीओ म्हणतात त्याला. जगात थोडेच कारखाने तो करतात. आपल्याकडं नाशिकला होतो, पण देशाच्या गरजेच्या मानानं फार थोडा, बाकी आयात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरची मागणी वाढली की लहानाचा पत्राही महागतो.

दुसरं. जोडण्यांची घोषणा थांबवा हे मला मुळीच मान्य नाही. मागणी कागदावर दिसली तरच कारखानदार नवी भट्टी लावतो. केंद्राचा २०३२पर्यंतचा पारेषण आराखडा ९ लाख १५ हजार कोटींचा आहे, १ लाख ९१ हजार सर्किट किलोमीटर तारांचा. तो जाहीर झाला नसता तर कुणी विस्तार केला असता?

फेब्रुवारी २०१३ आठवा. पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं, तरी आपल्या गावात दिवा लागला तो बाहेरून आलेल्या तारांमुळं. तारा आणि उपकेंद्रं दहा वर्षं आधी मागावी लागतात.

सौरपंपवाला, औसा
मला कळत नाही, डीपीच्या मागं का लागायचं? मी किमतीच्या दहा टक्के भरून सौर पंप घेतला. दिवसा पाणी देतो. रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीनं रानात जाणं बंद झालं. माझ्या आईची झोप परत आली. डीपी, फ्युज, वायरमनला फोन, सगळं सुटलं. मराठवाड्यानं ग्रीडची वाट सोडावी.

बोरवाले, भूम (धाराशिव)
@सौरपंपवाला, तुमची विहीर आहे. आमच्याकडं बोअर सहाशे-सातशे फुटांवर गेलेत. तिथून उन्हाळ्यात पाणी उचलायला ५ एचपीचा सौर पंप पुरत नाही, अन् ढगाळ दिवसात तर धारच येत नाही. शिवाय पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, दूध थंड करायचं यंत्र हे काय पॅनलवर चालवायचं? तुमचं सुटलं याचा आनंद आहे, पण गाव नाही सुटत.

निवृत्त उपअभियंता, लातूर
त्यात एक भर. सौर आलं म्हणून रोहित्र सुटत नाही. सौर कृषी वाहिनी या राज्याच्या योजनेचं (शेतीला दिवसा सौर वीज द्यायची) लक्ष्य १६ हजार मेगावॅट आहे. ती वीज उपकेंद्राशी जोडायची तर प्रकल्पावर ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि उपकेंद्रातला ५ एमव्हीएचा (५ हजार केव्हीए) अपुरा पडला तर १०चा लागतो. २०१८च्या उच्चदाब योजनेचंही तसंच. लघुदाबाची लांब तार काढून दोन शेतकऱ्यांमागं एक लहान रोहित्र द्यायचं. योजना उत्तम, आकडे बंद, व्होल्टेज चांगलं. पण जिथं १०० केव्हीएची एक डीपी होती तिथं लहान नऊ-दहा लागली.

रिवायंडिंगवाला, वाळूज
मी जळालेले ट्रान्सफॉर्मर उघडतो, म्हणून बोलतो. नव्याची टंचाई आहेच, पण निम्मं दुखणं दुरुस्तीत आहे. तेल अर्ध्यावर आलेलं, काही ठिकाणी चोरून नेलेलं. ब्रीदरमधली (टाकीत हवा जाते ती डबी) ओल शोषणारी सिलिका जेल निळीची गुलाबी होऊन वर्ष झालेलं, म्हणजे ओल सरळ आत. किटकॅट फ्युजमध्ये बारीक तारेच्या जागी जाड तार पिळलेली. फ्युज उडायला पाहिजे तिथं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. अन् दुरुस्तीचा दर इतका पाडलेला की तेल गाळून न घेता तसंच भरतात. अशी डीपी महिन्यात परत येते. जुनं नीट दुरुस्त केलं तर नव्याची गरज बरीच उतरेल.

शहरवासी, नांदेड
कटू वाटेल, पण बोलतो. ७.५ एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज एप्रिल २०२४पासून मोफत आहे. फुकट वापराची किंमत कळत नाही, मग बावीस मोटारी लागतात. आम्ही बिल भरतो, उद्योग भरतात. सामान कमी असेल तर आधी रोजगार देणाऱ्यांना द्या.

बोरवाले, भूम
@शहरवासी, मोफत म्हणजे वीज कंपनीला पैसे मिळत नाहीत असं नाही, सरकार अनुदान भरतं. आणि आमच्या जिल्ह्यातल्या पवनचक्क्या आणि पॅनलची वीज बाहेर न्यायला कळंबला ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र उभं राहिलं. त्याला ट्रान्सफॉर्मर मिळाला. त्याच उपकेंद्राच्या शेजारच्या शिवारात डीपीसाठी लोक हेलपाटे घालायलेत. रोजगार आमच्याकडंही आहे, ऊसतोडीला जाणाऱ्याला विचारा.

मोसंबीकर, अंबड
@निवृत्त उपअभियंता, साहेब, घोषणा थांबवायची मागणी मी मागं घेतो. मोठी आणि लहान रोहित्रं मी एकाच मापानं मोजली होती. पण तालुक्याच्या साठ्यावरून मी हटणार नाही. कोणत्या महिन्यात किती जळतात हे कार्यालयाच्या नोंदवहीत आहे. पेरणीआधी बियाणं घरात आणतो तसं हे रब्बीआधी आलंच पाहिजे. @रिवायंडिंगवाला, आलेल्या डीपीतलं तेल आम्ही बघू शकतो का?

रिवायंडिंगवाला, वाळूज
उतरवून घेतानाच बघा. टाकीच्या काचेत तेलाची खूण दिसते. ब्रीदरमध्ये जेल निळी आहे का ते बघा. नसेल तर पावतीवर तसं लिहा आणि मगच सही करा.

दुधनाकाठ, सेलू
काल रात्री आमच्या डीपीवरच्यांना मारुतीच्या पारावर बसवलं. बावीसपैकी सोळा जण कपॅसिटर (डीपीवरचा करंट कमी करतो) बसवायला तयार झाले, ऑटो स्विच काढायला अकरा. पाळ्या लावून अकरा-अकरा मोटारी चालवायच्या असं ठरलं. सहा जण म्हणाले आधी दुसरी डीपी आणा. त्यांत माझा चुलतभाऊ आहे. मोसंबीकर, तो तुमचंच म्हणणं मांडायलाय, आणि त्याचं पाणी सगळ्यात शेवटच्या टोकाला आहे. त्याला काय सांगू?