केटामाइन इन्फ्यूजन: पंप लावण्याआधी काय काय पाहावं?

निशिगंध
मानसोपचार विभागात नैराश्यासाठी केटामाइन या भुलीच्या औषधाचं इन्फ्यूजन (पंपाने शिरेतून हळूहळू देणं) सुरू होतंय. किमान दोन अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरची औषधं) पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही फरक न पडलेले रुग्ण घेणार. किलोमागे ०.५ मि.ग्रॅ., ४० मिनिटांत, एवढं ठरलंय. तीन गोष्टींवर मत हवं: औषध कसं भरायचं, बीपी किती चढलं की थांबायचं, आणि क्लोनाझेपाम (बेंझोडायझेपिन गटातली शांत करणारी गोळी) चालू असलेल्यांचं काय?

भूलचूक
मोठा धोका पहिल्याच प्रश्नात आहे. व्हायल मि.ली.मागे १०, ५० आणि १०० मि.ग्रॅ. अशा वेगवेगळ्या येतात. ७० किलोच्या रुग्णाला ३५ मि.ग्रॅ., म्हणजे ५० च्या व्हायलमधून ०.७ मि.ली. तीच व्हायल १० ची समजून ३.५ मि.ली. ओढलं तर १७५ मि.ग्रॅ. जातं. किलोमागे २.५ मि.ग्रॅ. म्हणजे सरळ भुलीचा डोस झाला! विभागात एकाच तीव्रतेची व्हायल ठेवा. दुसऱ्याने हिशोब स्वतः, नव्याने करावा. पहिल्याचा आकडा पाहून मान डोलावणं ही तपासणी नव्हे.

औषध १ मि.ली.च्या सिरिंजने मोजा, नॉर्मल सलाईनने एकूण ५० मि.ली. करा आणि पंप ताशी ७५ मि.ली.वर लावा. शेवटी लाइनमध्ये थोडं औषध उरतंच. ते सलाईनने त्याच वेगाने आत जाऊ द्या. हाताने जोरात फ्लश केलं तर उगाच बोलस (एकदम मोठा डोस) बसतो. ऑक्सिजन, सक्शन, अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) खोलीतच हवी आणि श्वासमार्ग सांभाळू शकणारा माणूस हाकेच्या अंतरावर.

बीपी आधीच १४०/९० च्या वर असेल तर घाई नको, कारण शोधा. बरेचदा ‘उपाशी या’ म्हटल्यावर रुग्णाने सकाळची बीपीची गोळीही टाळलेली असते! ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे सूचनापत्रात लिहा. इन्फ्यूजन चालू असताना दर १० मिनिटांनी बीपी बघा. १८०/११० ही थांबण्याची रेषा आधीच कागदावर असू द्या. पंप बंद केला की बहुधा आपसूक उतरतं.

मनोमन
बेंझोडायझेपिन चालू असताना केटामाइनचा परिणाम उशिरा दिसतो आणि लवकर ओसरतो, असं आढळलंय. पण क्लोनाझेपाम एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३०-४० तासांचं, त्यामुळे आदल्या रात्रीची एक गोळी चुकवूनही फारसं साधत नाही. वेळ असेल तर काही आठवड्यांत हळूहळू कमी करा. नसेल तर आहे त्या डोसवर सुरू करा आणि अपेक्षा बेताची ठेवा.

सायकोसिस (भास-भ्रम), ताब्यात नसलेलं बीपी, अन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगवटा), गर्भारपण, केटामाइनचं व्यसन: हे रुग्ण घेऊ नका. बायपोलर (कधी नैराश्य, कधी उन्माद) असेल तर मूड स्टॅबिलायझर (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू हवं. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास), ओसीडी (मंत्रचळ) यांसाठीही विचारणा होईल. तिथला पुरावा बराच पातळ आहे.

मोजमापात सर्रास चूक होते. पंप संपल्या संपल्या ‘कसं वाटतंय’ विचारून काही कळत नाही, तेव्हा औषधाची धुंदी बोलत असते. माँटगोमेरी-आसबर्ग मापन (नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) आधी आणि २४ तासांनी करा. २-३ आठवड्यांत ६ इन्फ्यूजन झाली आणि आकडा हलला नाही, तर पुढे रेटू नका, ईसीटीचा (विजेच्या झटक्याचा उपचार) विचार करा. आत्महत्येचे विचार दर भेटीत विचारायचेच. सुधारणा ओसरू लागते तो काळ जास्त नाजूक.

निशिगंध
शरीरापासून सुटल्यासारखं वाटून रुग्ण घाबरला तर? लगेच लोराझेपाम (शांत करणारं औषध) द्यायचं?

रात्रपाळी
लगेच नको. असं होऊ शकतं, हे आधीच सांगितलेला रुग्ण सहसा कमी घाबरतो. दिवे मंद ठेवा, एकच ओळखीचा आवाज असू द्या. तरी भीती वाढली तर पंपाचा वेग कमी करा किंवा थांबवा, गोळी-इंजेक्शन त्यानंतर.

बीपीचा पट्टा सलाईनच्या हाताला बांधू नका. पट्टा फुगला की लाइन दबते, पंप ओरडतो, आणि सैल होताच साठलेलं औषध एकदम आत जातं. बघता बघता रुग्ण गरगरतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मळमळीला ओंडान्सेट्रॉन ४ मि.ग्रॅ. पुरतं.

संपल्यावर निदान २ तास लक्ष ठेवा. आधार न घेता नीट चालता आलं आणि सोबत कुणी असलं तरच सोडा, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. महिनोन्महिने इन्फ्यूजन चालणाऱ्यांना लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, रक्त, हे प्रत्येक वेळी विचारा. रुग्ण त्याचा केटामाइनशी संबंध लावत नाहीत, त्यामुळे आपणहून सांगतही नाहीत.