कॅमेलिऑनचं पिल्लू दिवसा डोळा मिटून बसतंय, कुणाला अनुभव आहे का?

पानाआड
नमस्कार मंडळी, घाबरून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडे व्हेल्ड कॅमेलिऑनचं (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) पिल्लू आहे, नर, साडेतीन महिन्यांचा, टिल्लू नाव. घरी येऊन दीड महिना झाला. चार दिवसांपासून डावा डोळा मिटून बसतोय, आधी वाटलं झोप येत असेल, संध्याकाळी फवारा मारला की उघडायचा पण, कालपासून मात्र सकाळीही मिटलेलाच आणि आज दुपारी उजवाही अर्धा मिटलेला दिसला. सूज नाही, पू नाही, फक्त मधूनच तो डोळा असा बाहेर फुगवतो की बघवत नाही आणि मग फांदीवर घासत बसतो. खाणं पण कमी झालंय, दिवसाला दहा-बारा छोटे रातकिडे आरामात खायचा, काल चारच खाल्ले आणि त्यातही दोनदा जीभ नेमकी बाजूला गेली.

मला मागे ॲलर्जीसाठी दिलेले डोळ्याचे ड्रॉप्स घरात आहेत, त्यातला एक थेंब घातला तर चालेल का? की व्हिटॅमिनचं औषध तोंडात देऊ? अख्खा जीव माझ्या तळहातावर मावतो हो, काही करायला हात धजत नाहीये.

उन्हातली_फांदी
ताई, ड्रॉप्स अजिबात नको. माणसांच्या काही ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं, बुबुळावर ओरखडा किंवा जखम असेल तर स्टेरॉइडने ती वाढते, आणि जखम आहे की नाही हे आपल्याला घरी बसून दिसत नाही. तोंडातून व्हिटॅमिन पण आत्ता नको, कारण नंतर कुणीतरी सांगेलच.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, निरोगी कॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. रात्री झोपला की रंग फिका पडतो आणि डोळे बंद, ते बरोबर आहे. हातात घेतल्यावर घाबरून क्षणभर मिटेल, तेही समजू शकतं. पण फांदीवर एकटा बसलेला असताना भर दिवसा मिटतोय म्हणजे त्याला त्रास होतोय, आणि हे प्राणी आजारपण शेवटपर्यंत लपवतात. त्यामुळे सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ आजच घ्या, बाकी चर्चा त्याच्या सोबतीने चालू दे.

डोळा फुगवून घासतो त्याला घाबरू नका, ती त्याची डोळा धुवायची पद्धत आहे. त्याच्या पापण्या एकमेकींना जुळून तो शंकू झालेला असतो, मध्ये बाहुलीपुरतं छोटंसं भोक, त्यामुळे आत कचरा गेला की डोळा फुगवून, फिरवून, घासूनच तो बाहेर काढायचा. एखाद्या वेळी करतो ते ठीक, पण चार दिवस तेच चालू आहे म्हणजे आत काहीतरी अडकलंय किंवा आग होतेय.

हे सांगा: १) यूव्हीबी बल्ब (उन्हातले अतिनील किरण देणारा) कुठला आणि फांदीपासून किती लांब? २) ऊब घ्यायच्या जागेचं तापमान? ३) फवारा किती वेळ मारता? ४) शीमधला पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा-केशरी? ५) कात कधी टाकली? ६) रातकिड्यांना काय खायला घालता आणि पावडर कुठली?

पानाआड
वेळ मिळाली, परवा सकाळची. उत्तरं देते. बल्ब तो पिळाचा, सीएफएलसारखा दिसणारा यूव्हीबी, जाळीवर ठेवलाय आणि त्याची आवडती फांदी बरोबर खाली, आत्ता मोजलं तर जेमतेम १० सेंटीमीटर. तापमान ३४ दाखवतंय, भिंतीला चिकटवायचा गोल मीटर आहे तो. फवारा दिवसातून दोनदा, दहा-पंधरा सेकंद, पानं ओली झाली की थांबते. शी बघितली, पांढरा भाग बराच केशरी आहे, हे काही असतं हेच मला माहीत नव्हतं. कात आठवड्यापूर्वी टाकली. पावडर फक्त कॅल्शियम, रोज. रातकिड्यांना विशेष काही नाही, डब्यात पुठ्ठा आणि थोडा कोंडा.

लिहिता लिहिताच कळतंय की बऱ्याच चुका आहेत. सांगा, सगळं बदलते.

हिरवट_निळा
स्वतःला दोष देऊ नका, माझ्याकडे पहिल्या पिल्लाच्या वेळी हुबेहूब हाच सेटअप होता आणि विकणाऱ्यानेच तो करून दिला होता. बल्बचं मी सांगतो कारण त्यात मी पोळलोय. छोट्या जागेतून निघणारा तो पिळाचा प्रकाश इतक्या जवळून थेट डोळ्यावर पडला की डोळ्याचा पृष्ठभाग भाजल्यासारखा होतो, वेल्डिंगचा उजेड बघितल्यावर माणसाचे डोळे चुरचुरतात ना, तसंच. माझ्या पिल्लाने आठ दिवस डोळे मिटले, मी आपला संसर्ग झालाय म्हणून धावतोय, आणि बल्ब काढल्यावर तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

तो बल्ब आत्ता बंद करा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत साधा उजेड आणि ऊब पुरे, दोन-तीन दिवस यूव्हीबी नसल्याने काही बिघडत नाही. नंतर लांब नळीचा टी५ (बारीक ट्यूबलाइटसारखा यूव्हीबी दिवा) घ्या, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीवाला, जाळीच्या वर ठेवायचा आणि फांदी त्याच्याखाली साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर. पूर्ण काढून टाकायचा विचार मात्र करू नका, यूव्हीबी नसेल तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम खाऊनही लागत नाही आणि वाढत्या वयात पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि नळी दिसायला पेटत राहिली तरी यूव्हीबी हळूहळू कमी होतं, म्हणून सहा महिने ते वर्षाने बदलायची, मी नळीवरच तारीख लिहून ठेवतो.

३४ डिग्री या वयाला खूप झालं. पिल्लाला ऊब घ्यायच्या जागी २७ ते २९ पुरे, आणि मोजायचं ते तो बसतो तिथे, भिंतीवर नाही. इतकं लहान शरीर पटकन तापतं आणि तितक्याच पटकन वाळतं.

रातकिडे_आणि_पालेभाजी
खाण्याचं मी सांगते. फक्त कॅल्शियमवर असलेल्या पिल्लात डोळे मिटणं आणि नेम चुकणं दिसलं की अ जीवनसत्त्वाची कमतरता मनात ठेवावीच लागते. ते कमी पडलं की डोळ्याच्या, तोंडाच्या आतलं अस्तर कोरडं आणि जाड होतं, डोळ्यात घट्ट मळ साठतो, जिभेचा चिकटपणाही जातो. पाळलेल्या किड्यांमध्ये हे जीवनसत्त्व अगदीच थोडं असतं, किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी टिल्लूच्या पोटात जाणार. म्हणून कोंडा पुठ्ठा नको, आदल्या दिवसापासून किड्यांना हिरवा पाला, गाजर, रताळं, भोपळा, संत्र्याची फोड असं घाला. किडा केवढा? त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. आणि रात्री उरलेले किडे पिंजऱ्यातून काढा, झोपलेल्या पिल्लाला ते चावतात.

पावडर अशी: साधं, डी३ नसलेलं कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक वेळी, अगदी चिमूटभर, आणि महिन्यातून दोनदा डी३ व अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन. डब्यावर अ म्हणून नुसतं बीटा-कॅरोटीन लिहिलंय की रेटिनॉल (म्हणजे तयार अ जीवनसत्त्व) ते बघा, कॅमेलिऑन बीटा-कॅरोटीनपासून पुरेसं अ तयार करतो यावर विसंबता येत नाही.

नवाकोरा
मग सरळ अ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून एक थेंब जिभेवर दिला तर लवकर फरक नाही का पडणार?

रातकिडे_आणि_पालेभाजी
नाही रे दादा, तिथेच घात होतो. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि अंगात साठत जातं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि माणसाच्या कॅप्सूलमधला एक थेंब या वीस-पंचवीस ग्रॅमच्या जीवाला केवढा मोठा. जास्त झालं की कातडी सोलवटते, अंगावर सूज येते. शिवाय टिल्लूला कमतरता आहे हे अजून कुठे ठरलंय? बल्ब आहे, पाणी आहे, कातेचा तुकडा आहे, चारही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. डोस डॉक्टरांनी वजन करून ठरवू दे.

उन्हातली_फांदी
शीतला केशरी रंग म्हणजे पाणी कमी पडतंय. डोळा आत खोबणीत गेलेला वाटतो का तेही बघा. वाटीतलं पाणी तो पीत नाही, पानावरचे थेंब हलताना दिसले तरच जीभ लावतो, आणि त्यालाही आधी पाच मिनिटं विचार करून! म्हणून दहा सेकंदांत त्याचं काहीच होत नाही. सकाळ-संध्याकाळ तीन ते पाच मिनिटं बारीक फवारा, मधल्या वेळात भोक पाडलेला कप वर ठेवून थेंब थेंब पानांवर पडू द्या. तोंडावर नेम धरून मारू नका, पानांवर पडू दे, तुषार डोळ्यांपर्यंत पोचतातच आणि याच वेळात तो डोळे धुतो. फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा वाळायला हवा, सतत ओला राहिला की बुरशी आणि छातीचे आजार. तळाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा असेल तर आजच काढा, कण डोळ्यात जातात.

परवा नेताना: छोटा डबा, आत एक फांदी आणि मऊ कापड, वरून झाकलेला, म्हणजे अंधारात शांत राहील. आताच्या बल्बचा, मीटरचा, पावडरीच्या डब्याचा फोटो न्या आणि ताजी शी पण. मधल्या काळात डोळ्याभोवती गाठ किंवा फुगवटा आला तर परवाची वाट बघू नका. यांचा पू पातळ नसतो, घट्ट गोळा होऊन आत बसतो, तो नुसत्या औषधाने वाहून जात नाही, काढावा लागतो.

पानाआड
जाऊन आले. तुमच्यामुळे नीट प्रश्न विचारता आले. वजन २४ ग्रॅम. डॉक्टरांनी डोळ्यात एक रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, डाव्या बुबुळावर एक बारीक हिरवी रेघ चमकली, म्हणजे ओरखडा. मग सलाइनने हळूहळू डोळा धूत राहिले, दोन-तीन मिनिटं काहीच नाही, आणि अचानक शंकूच्या भोकाशी काहीतरी पांढरं आलं, चिमट्याने ओढलं तर कातेचं एवढंसं कडं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. आठवडाभर ते तिथेच होतं बिचाऱ्याच्या डोळ्यात. कातडीखाली थोडं पाणी दिलं, स्टेरॉइड नसलेले अँटिबायोटिक ड्रॉप्स दिलेत. त्यांचं म्हणणं कोरडेपणामुळे कात नीट सुटली नाही आणि बल्बने त्यात भर घातली. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आत्ता नको, आधी खाणं सुधारा म्हणाले.

पानाआड
सहावा दिवस. नळी लावली, फांदी २२ सेंटीमीटरवर. ड्रॉप्स घालायच्या वेळी तोंड उघडून फिस्कारतो, अंगावर गडद पट्टे काढतो, तरी दिवसातून दोनदा घालतेच आहे. डावा डोळा आज सकाळपासून पूर्ण उघडा आहे, उजवा तर कालच उघडला. शी जवळजवळ पांढरी. आत्ता फवारा चालू असताना एक डोळा माझ्याकडे, दुसरा थेंबाकडे असा बसला होता, मग दोन्ही समोर वळवले आणि पानाच्या टोकावरचा रातकिडा पहिल्याच फटक्यात उचलला. वजन २६. मल्टिव्हिटॅमिन परवापासून सुरू करायची की ड्रॉप्सचा कोर्स संपल्यावर?

रातकिडे_आणि_पालेभाजी
अरे वा, डोळ्यात पाणी आलं वाचून! डॉक्टरांना एक फोन करून विचारा, पण खाणं सुरू झालंय तर ड्रॉप्ससाठी थांबायचं कारण मला दिसत नाही. अगदी हलकी पावडर, दोन-तीन किड्यांवरच.