हॅचरीतला सॅल्मन आणि नदीतला सॅल्मन, फरक नेमका पडतो कुठं?

भीमाकाठ_सोलापूर:
झूलॉजी एमएस्सीला आहे, सेमिनारला सॅल्मन घेतलाय (रोहू-कटला पोरांनी आधीच उचलला). आपल्याकडं उजनीत बोटुकली सोडल्यावर हा मासा केंद्रातला का नदीतला कोण विचारतंय? पण अमेरिकेत हॅचरीच्या (अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र) पिल्लांचा पाठीवरचा शेपटीजवळचा बारका पर कापून खूण ठेवतात म्हणे. जात तीच, अंडी तीच, मग एवढं वेगळं काय असतं?

मरळवाला:
अंडी तीच, पण बालपण वेगळं की. नदीत मादी शेपटीनं गोटे उकरून त्यात अंडी घालते, पिल्लं फुटली तरी पोटाला बलक घेऊन गोट्यांतच दडून बसतात, वर आली की पूर, गाळ, मोठे मासे, पक्षी, बहुतेक तिथंच संपतात. अटलांटिक सॅल्मन तर वर्ष ते चार वर्षं नदीतच काढतो, मग अंग चांदीसारखं होतं, खारं पाणी सोसायची तयारी होते, त्याला स्मोल्ट म्हणतात. हॅचरीत ट्रेमधी अंडी, आयतं खाद्य, साधारण वर्षातच जाडजूड स्मोल्ट तयार. तिथंपर्यंत हॅचरीवाला लई पुढं, समुद्रात गेला की बहुतेकदा गाडी उलटी फिरते. खाद्य वरनं पडायची सवय ना, पाण्यावर सावली दिसली की पळायचं सोडून हा वर येतो.

पावसाळी_गळ:
आणि परतीचं विसरलास बे, मोठा झाला की सॅल्मन अंडी घालायला समुद्रातनं आपल्याच नदीत परततो. समुद्राकडं निघायच्या सुमारास नदीच्या पाण्याचा वास डोक्यात बसतो, त्यावरनं घर सापडतं. हॅस्लर आणि विस्बी या शास्त्रज्ञांनी 1951 सालीच वासाचं मांडलं होतं, पुढं मिशिगन सरोवरात कोहो जातीच्या सॅल्मनच्या पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या केमिकलच्या वासावर वाढवलं आणि मोठे झाल्यावर ज्या ओढ्यात तो वास सोडला तिकडं ते गेले. आता कॅलिफोर्नियात दुष्काळात हॅचरीची पिल्लं टँकरनं थेट खाडीजवळ नेऊन सोडतात, जगतात जास्त, पण वाटेतली नदीच हुंगली नाही म्हणून येताना भलत्याच नदीत शिरतात.

भीमाकाठ_सोलापूर:
भारी! मग उजनीच्या कटल्यालापण हेच लागू?

मरळवाला:
नाही रे. रोहू-कटला मूळचे गंगेकडचे, इथं आणून सोडलेले, आणि समुद्राची फेरी त्यांना नाहीच. पावसात चढणीला लागतात तेवढंच. ती तुलना सेमिनारात नको करू, सर धरतील.

जुना_कोळी:
सगळे हॅचरीलाच झोडायलेत. अमेरिकेतल्या ग्रँड कूली धरणानं कोलंबिया नदीचा वरचा अख्खा पट्टा सॅल्मनला बंद केला, मासा चढायला वाटच ठेवली नाही, मग हॅचरी काढल्या. नाहीतर पकडायला मासा कुठनं आणणार होते?

पावसाळी_गळ:
काका, हॅचरी काढा की, पण पैदास त्याच त्या टाकीतल्या माशांवर करू नका. अमेरिकेतल्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर, तो सॅल्मनचाच भाऊबंद, 2007 साली पेपर आला होता, कैदेत वाढलेल्या दर पिढीमागं नदीत पोरं जन्माला घालायची ताकद साधारण 40 टक्क्यांनी घसरत होती. आणि हे मासे जंगली माशांशी जोड्या लावतात, म्हणून तर तो पर कापतात, कुठला आपला कुठला नदीचा ते धरताना कळावं.