‘बदली जहाज’ की ‘पर्यायी जहाज’?

विचारणा, सांगली : साखर निर्यातीच्या चार्टर पार्टीचा (जहाज भाड्यानं घेण्याच्या कराराचा) मराठी गोषवारा करतोय. जहाजाच्या नावापुढे ‘ऑर सब्स्टिट्यूट’ आहे. बदली म्हणावं की पर्यायी?

सातारा : बदली. बदली कामगार, बदली ड्रायव्हर म्हणतो तेव्हा मूळ माणूस नेमलेला असतो, त्याच्या जागी दुसरा येतो. ‘पर्यायी’त पहिल्यापासूनच दोन वाटा मोकळ्या असतात. हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘सुपर सर्व्हंट टू’ खटल्यात (इंग्लंड, १९९०) जपानहून एक तेलरिग (समुद्रात तेलविहीर खोदायचा सांगाडा) न्यायची होती, ‘सुपर सर्व्हंट वन’ किंवा ‘टू’ या जहाजावरून. जानेवारी १९८१मध्ये ‘टू’ बुडालं. ‘वन’ दुसऱ्या कामांना लावून ठेवलं होतं. करार पाळणंच अशक्य झालं, म्हणून तो विफल झाला, हा जहाजमालकाचा बचाव टिकला नाही, कारण ‘वन’ दुसरीकडे लावणं हा त्याचाच निर्णय होता. याला म्हणायचं पर्यायी.
‘बडाग्री’ खटल्यात (१९८५) मात्र बदलीचं कलम होतं. मूळ जहाजच पूर्ण निकामी झाल्यावर ते कलमही करारासोबत संपलं. तसं नको असेल तर ‘जहाज नष्ट झाल्यासही’ असं स्पष्ट लिहून घ्यावं लागतं.

कराड : शब्दापेक्षा क्रियापद जास्त भांडायला लावतं. ‘मालकास बदली जहाज देण्याची मुभा राहील’ आणि ‘मालक बदली जहाज देईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बदली जहाज न दिल्याबद्दल दावा लावता येत नाही, दुसऱ्यात येतो.
‘तत्सम जहाज’ असं मोघम तर लिहूच नका. टनेज, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं ते), स्वतःच्या क्रेन, वय, क्लास (तपासणी संस्थेनं दिलेला दर्जा), सगळं मांडा. किती वेळा बदलता येईल आणि नाव कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, तेही. साखरेला आणखी एक : आधीचा माल. पेटकोक (कोळशासारखं काळं इंधन) उतरवून आलेलं जहाज मापात बसलं तरी होल्ड (मालाची कोठारं) धुऊन, वाळवून सर्व्हेत पास व्हायला हवेत. नापास झाले तर ‘तयार आहे’ ही नोटीस साधारणपणे लागू पडत नाही, आणि ले-टाइम (माल चढवायला ठरलेली मुदत) सुरू झाला की नाही यावर डेमरेजचा (मुदत उलटल्यावर मालकाला द्यायच्या पैशांचा) वाद पेटतो. इकडे समजा १२,५०० टन साखर असेल, म्हणजे ५० किलोची अडीच लाख पोती, २५ टनी ५०० ट्रक. ते बंदरावर थांबले की हॉल्टिंग (ट्रक थांबवल्याचं भाडं) चालू.

विचारणा, सांगली : मूळ मजकुरात ‘शॅल’ आहे. मग ‘देईल’च ना?

सातारा : पुढचे शब्द बघा. ‘ओनर्स शॅल हॅव द लिबर्टी टु सब्स्टिट्यूट’ असेल तर ‘शॅल’ असूनही ती मुभाच. ‘शॅल सब्स्टिट्यूट’ असेल तरच ‘देईल’.

विचारणा, सांगली : ‘लिबर्टी’ आहे. ‘मुभा राहील’ करतो.